सासरेबुवांना काळ्या मोहऱ्यांनी हरवण्याविषयी

आदरणीय साडूभाऊ (वयाने माझ्यापेक्षा मोठे, हरण्यात माझ्या बरोबरीचे) यांस,

कंबर साथ देईल तितकं वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे आमच्या हिची मान मधूनमधून धरते, कवळ्यांचं मेण कोरताना माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि सासरेबुवा आम्हा दोघांपेक्षा ठणठणीत आहेत. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? तुम्ही हल्ली जिना पाठमोरे उतरता असं ताईंनी हिला फोनवर सांगितलं. उतरा बापडे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त खालून कोणी वर येत असेल तर त्याला आधी कल्पना द्या. ताईंचं ब्लडप्रेशर कसं आहे? माहेरचा विषय निघाला की ते वर जातं आणि सासरचा निघाला की आणखी वर जातं असं तुम्हीच मागे लिहिलं होतं, तेव्हा मधल्या वेळात मोजत जा.

तुमचं पत्र मिळालं. मी ते एकदा मनात वाचलं आणि एकदा हिला मोठ्याने वाचून दाखवलं (तुम्ही जिथे ‘म्हातारा’ लिहिलंय तिथे मी ‘बाबा’ वाचलं, काळजी नसावी). वडील काय एकट्या धाकटीचे आहेत का, हा ताईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. सासरेबुवांनी मला घातली होती तीच अट तुम्हालाही घातली, हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. आता तुम्ही सुट्टीत इकडे येणार, पटावर बसणार, त्यांना हरवणार आणि सहा महिन्यांसाठी घेऊन जाणार. त्यासाठी ‘ती काळ्याची सुरुवात’ मी तुम्हाला पत्रातून समजावून द्यावी असं तुमचं म्हणणं आहे. देतो. मला समजायलाच इतका वेळ लागला की ती लवकर कशी समजेल हे मला नीट सांगता येणार नाही, पण कुठे कुठे समजत नाही ते मात्र खात्रीने सांगू शकतो.

पहिली गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्याशी खेळायचं म्हणजे काळी मोहरी घेऊनच. पहिली खेळी वडीलधाऱ्याची, हा नियम त्यांनी केला आणि त्या घरात वडीलधारे तेच. नोकरीतली सगळी वर्षं वाहतूक हवालदार म्हणून चौकाच्या मध्यभागी उभा राहिलेला हा माणूस. पटावर आला तरी त्याचं लक्ष मधल्या चार घरांवरच जाणार. पहिलं प्यादं मध्यात आपटणार, दुसरं त्याच्या शेजारी आपटणार, आणि मग डावा हात वर करणार. तो हात वर झाला की माझे घोडे, उंट, हत्ती सगळे जागच्या जागी थांबायचे, मोटारी थांबायच्या तसे. मीही मधेच कुठेतरी एखादं प्यादं घुसवायचा प्रयत्न करायचो आणि ते चिरडलं जायचं. तुमचंही तेच व्हायचं (तुम्ही बदली मागून घेतलीत ती पगारासाठी नव्हे, असं आमची ही अजून म्हणते).

आता हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोपर्यंत ठीक होतं. पण गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात दुसरं कोणी नाही. उठता येईना, तेव्हा साबणाच्या डबीने नळाचा पाइप ठोकत बसले, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वैतागून भांडायला वर आल्या म्हणून सापडले. आम्ही पोचलो तर म्हणतात, पाइप गळतोय का ते बघत होतो. हाड मोडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून आमच्या हिने फोन हातातून खाली ठेवला नाही. भाजी चिरताना फोन शेजारी, अंघोळीला जाताना फोन खिडकीत, आणि वाजला की कोणाचा आहे ते बघायच्या आधीच तिचा चेहरा उतरलेला. आमच्याकडे राहायला चला म्हणून तिने हात जोडले, रडली, अबोला धरला. शेवटी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “जावयाच्या घरी राहायचं तर हरल्यावरच. मला एकदा हरवा, त्या दिवशी पेटी भरतो.”

म्हणजे बघा, आमच्या हिची झोप माझ्या बुद्धिबळावर येऊन ठेपली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रडायला लागली.

मी ज्यांच्यासाठी कवळ्या बनवतो त्या दातांच्या डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मध्ये मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात, हे मला माहीत होतं. तयार कवळी पोचवायला गेलो तेव्हा त्यांना अडचण सांगितली. तुम्ही काळी घेऊन पहिल्या खेळीला काय करता, असं त्यांनी विचारलं. घाबरतो, असं मी खरं ते सांगितलं. मग त्यांनी एका रिकाम्या ट्रेवर नमुन्याचे दात मांडले (दाढा म्हणजे हत्ती, सुळे म्हणजे उंट) आणि मला ही सुरुवात दाखवली. ह्या सुरुवातीला अतिआधुनिक म्हणतात, म्हणजे ती शंभर वर्षं जुनी आहे. तिचं सार असं की मध्य पांढऱ्याला देऊन टाकायचा. भांडायचं नाही, घुसायचं नाही. आपण फक्त राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट आणून बसवायचा. कोपऱ्याला लागून बसलेला तो उंट तिथून अख्ख्या पटावर तिरपी नजर ठेवतो. पांढरा खुशीत येऊन मध्यात प्यादी रचत जातो. जितकी प्यादी पुढे, तितकी ती सांभाळायची जबाबदारी त्याची. मग आपण बाजूने एक प्यादं ढकलायचं, मध्य डळमळीत करायचा, आणि उंटाची वाट मोकळी झाली की काम फत्ते.

ऐकताना मान डोलावली, पण सगळं डोक्यावरून गेलं. जागा देऊन टाकायची आणि जागा आपलीच, हे कसं काय? घरी येऊन हिला समजावून सांगायला लागलो, कारण दुसऱ्याला सांगितलं की आपल्याला कळतं असं म्हणतात. तिने ताटं मांडता मांडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे घरात तुमचाच शब्द चालतो असं मी म्हणते, तसंच ना?” मी म्हटलं, ते वेगळं. मग कितीतरी वेळ ते वेगळं कसं आहे याचा विचार करत बसलो.

पहिल्या रविवारी ही सुरुवात खेळलो. प्यादं एक घर, उंट कोपऱ्यात. सासरेबुवांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि बरं वाटत नाहीये का, असं विचारलं. मग मध्यात एक प्यादं, दोन प्यादी, तीन, चार. चारही खांद्याला खांदा लावून उभी. मी नुसता देत गेलो. मध्य दिला, बाजू दिली, शेवटी राजा दिला. इतक्या लवकर मी कधीच हरलो नव्हतो, चहा अजून गरम होता. पुढच्या रविवारीही तेच. घोडं कुठे अडत होतं ते सांगतो, म्हणजे तुमचं अडणार नाही. देणं मला छान जमलं होतं, परत कधी घ्यायचं ते कळत नव्हतं. इतकंच नव्हे तर ह्या सुरुवातीचं वेड मी कामावरही नेलं. आम्हा कवळ्या बनवणाऱ्यांच्या संघाच्या बैठकीत अध्यक्षपदाची खुर्ची हौसेने दुसऱ्याला देऊन टाकली आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. ठरावाच्या वेळी मी आहे हेच कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि दिवे बंद करून मंडळी निघून गेली.

खरा उजेड पडला तो कवळीमुळे. तुम्ही खेळायचात तेव्हा सासरेबुवांचे दात त्यांचे स्वतःचे होते, आता वरची कवळी माझ्या हातची आहे. ती बनवली तेव्हा उत्तम होती, पण माणसाच्या हिरड्या झिजतात आणि कवळी आहे तशीच राहते. ढिली झाल्यामुळे ते जिभेने ती उचलायचे आणि टक् असा आवाज व्हायचा. विशेषतः काही मारायचं मनात आलं की हमखास टक्. ते पडल्यापासून नीट जेवत नाहीत म्हणून हिने माझ्यामागे लकडा लावला, आधी त्यांची कवळी दुरुस्त करा. आता ते कवळी काढून देणार कशी? ह्या माणसाला बिनदाताचं कोणीही पाहिलेलं नाही. आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, फटीतून रुमालात गुंडाळलेली कवळी लेकीच्या हातात दिली, आणि मी काम संपवून परत देईपर्यंत बाहेर आले नाहीत. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दारावर टकटक करून देत होते.

मी बरोबर नेलेली हत्यारं काढून तिथेच कामाला बसलो आणि रोज करतो तेच करत होतो. वरची कवळी मध्यभागी दाबून बसत नसते, साडूभाऊ. टाळूच्या मधोमध एक कडक रेघ असते, तिथे कवळी टेकली की ती डुलते. म्हणून आम्ही मध्याला जरा मोकळीक ठेवतो आणि कडा चहूबाजूंनी घट्ट बसवतो. कडा धरल्या की कवळी हलत नाही, सफरचंद खा नाहीतर शिट्टी फुंका. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय, आणि त्या दिवशी कडेला गुलाबी थर चढवताना माझा हात थांबला. डॉक्टरीणबाई ट्रेवर दात मांडून मला हेच तर सांगत होत्या. मध्य मोकळा ठेवायचा तो कडा धरता याव्यात म्हणून. नुसता मोकळा ठेवून कडा सोडून दिल्या तर कवळी पानात पडणार, आणि माझी तशी ती दर रविवारी पडत होती. मला इतका आनंद झाला की कवळी दोनदा पॉलिश केली.

कवळी झकास बसली. सासरेबुवांनी बिस्किट कडकडून खाल्लं, हीही पोटभर जेवली. आणि रविवारी पटावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो. टक् बंद झालं होतं. इतकी वर्षं ते काही मारायला निघाले की मला आधी आवाज यायचा आणि मी मोहरं हलवायचो. तेवढ्याच आधारावर मी वीसेक खेळ्या तग धरायचो. आता समोर नुसता शांत, घट्ट बसलेला जबडा. माझी पाचावर धारण बसली. आपल्याच हाताने आपला पहारेकरी बंद करणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

पण मग ऐकायला काही नाही म्हणून मी नाइलाजाने पटाकडे बघायला लागलो. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी पट बघतच नव्हतो, सासऱ्यांचं तोंड बघत होतो. आणि पट बघितला तर काय, त्यांची चार प्यादी मध्यात ऐटीत उभी, डावा हात वर, आणि त्या प्याद्यांच्या मागे घरं रिकामी, सांभाळायला कोणी नाही. मी बाजूचं ते प्यादं ढकललं. त्यांनी ते मारलं नाही, हात वर करून थांबवायला बघितलं. प्यादं थांबलं नाही. एक गेलं, मग दुसरं गेलं, मध्यात वाट पडली, आणि कोपऱ्यातल्या माझ्या उंटाला समोरच्या कोपऱ्यातला त्यांचा हत्ती सरळ दिसायला लागला. मी तो घेतला. त्यानंतरच्या खेळ्या मी सांगत नाही, मला त्या नीट आठवतही नाहीत. मला आठवतो तो त्यांचा वर केलेला हात. तो हळूहळू खाली आला आणि मांडीवर जाऊन पडला. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकी, खुंटीवरची टोपी, आपल्या सासूबाईंची शिवणाची खुर्ची. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सामान चुकून दुसऱ्याच्या घरातून उचलून आणावं तसं वाटत होतं. ते उठले, पलंगाखालची पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, “उंट कोपऱ्यात बसला तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. कसलं झालं. आमच्याकडे आल्यावर आम्ही त्यांना मोठी, मधली खोली देऊ केली. नको म्हणाले. हॉलमधली चांगली खुर्ची देऊ केली, तीही नको. जिन्याच्या दाराजवळचा कोपरा मागून घेतला आणि तिथे एक साधा स्टूल टाकून बसले. मला वाटलं, काय साधा माणूस. आठवड्याभरात समजलं. त्या कोपऱ्यातून दार दिसतं, गॅस दिसतो, माझं कामाचं टेबल दिसतं, आणि जरा मान वाकवली की रस्ताही दिसतो. मध्य त्यांनी आम्हाला देऊन टाकला आहे. आम्ही हॉलमध्ये ऐटीत बसतो आणि घर कोपऱ्यातून चालतं. दूध कधी उतरवायचं, मी चहा कितवा घेतोय, पेपरवाला किती उशिरा आला, सगळं तिथून. खुंटीला शिट्टी अडकवलेली आहे. परवा मी आणि ही स्वयंपाकघराच्या दारात एकाच वेळी आलो, तर शिट्टी वाजली आणि मला थांबवून हिला आधी सोडण्यात आलं. आणि पटावर? वडीलधाऱ्याची पहिली खेळी हा नियम त्यांनी परस्पर रद्द केला. आता काळी मोहरी त्यांची. प्यादं एक घर, उंट कोपऱ्यात, आणि मी पांढऱ्याने मध्यात उभा राहून दर रविवारी चिरडला जातो. तुमच्यासाठी मात्र, पाहुणा म्हणून, काळी मोहरी ठेवतील असं म्हणालेत.

एकूण काय, माझ्या नाकी नऊ आलेत. पॉलिशच्या मोटरचा आवाज कमी करा म्हणतात, आवाज कमी केला तर बंद पडली का म्हणून विचारतात. माझ्या घरात मला सिग्नल मिळेपर्यंत उभं राहावं लागतं. तेव्हा तुम्ही जरूर या, वर सांगितल्याप्रमाणे खेळा, जिंका, आणि खुशाल घेऊन जा. मी अडवणार नाही. ताईंना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला धाकटा साडू

ता. क. येताना मोठी पेटी आणू नका. त्यांची पेटी आहे, ती पुरते.

ता. क. आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. बाजूने एक प्यादं ढकलायचं असं मी वर दोनदा लिहिलंय. कोणतं प्यादं आणि कधी, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते विसरलेलो नाही. तुम्ही पत्र पुन्हा वाचून शोधू नये, सापडणार नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करायचा विचार तुमच्या मनात येईल, तर त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.

ता. क. म्हणजे स्पष्टच विनंती करतो. साडूभाऊ, तुम्ही हरा. तुम्हाला ते काही जड जाणार नाही. ताईंना म्हणावं, तुम्ही या, हवं तितके दिवस राहा, मधली खोली रिकामीच आहे. पण त्यांना नेऊ नका. आमची ही हल्ली फोन कुठेतरी ठेवून विसरते, आणि मग घरभर शोधत फिरते. काल दुपारी मी कामाला बसलो होतो तर सासरेबुवा स्टूल उचलून माझ्या टेबलासमोर येऊन बसले. तोंडात हात घातला, कवळी काढली आणि रुमालात न गुंडाळता तशीच माझ्या तळहातावर ठेवली. एका कडेला टोचत होती. मला त्यांच्याकडे बघावं की नाही ते कळेना, म्हणून मी मोटर सुरू केली. ते ओठ मिटून बसून राहिले, मग बोळक्या तोंडाने म्हणाले, “सावकाश घासा. मला कुठे जायचंय.”